नकाशा वाचण्याचा अधिकार

बाणेर, बालेवाडी आणि कोथरूड या भागांतील कार्यालयांत बसून पुण्यातील तरुण अभियंते आणि आरेखक आज इंग्लंड-अमेरिकेतील रुग्णालये, विमानतळ आणि विद्यापीठे संगणकाच्या पडद्यावर खांबाखांबाने, नळीनळीने आणि तारेतारेने उभी करीत असतात. त्यांपैकी बहुतेकांना त्या इमारतींचा उंबरठा ओलांडण्याचा योग कधी यायचा नसतो. तथापि सातासमुद्रांपलीकडील एखाद्या शस्त्रक्रियागृहाच्या छताआड वातानुकूलनाची वाहिनी पाण्याच्या नळाला नेमकी कोठे आडवी जाते, हे त्यांना स्वतःच्या घरातील दिव्याच्या बटणाहून अधिक अचूक ठाऊक असते. आणि त्याच कार्यालयाच्या खिडकीतून शेजारच्या भूखंडावर चढत चाललेल्या इमारतीकडे पाहावे, तर तेथील मिस्त्रीच्या हाती सिमेंटच्या पाण्याने विरलेला, घड्यांवर फाटलेला आणि पुष्कळदा एक दुरुस्ती मागे राहिलेला कागदी नकाशा असतो; बिगाऱ्याच्या हाती तर तोही नसतो. ज्या शहराने परक्यांच्या इमारतींची इतकी सूक्ष्म प्रतिमा घडविण्याचे कसब कमावले, त्या शहरात स्वतःच्या इमारती बांधणाऱ्या हातांपर्यंत ते कसब का पोहोचले नाही याची कारणमीमांसा करणे, आणि ते पोहोचविण्याचे व्यवहार्य मार्ग सुचविणे, हा पुढील पृष्ठांचा उद्देश आहे. बांधकाम-कामगारांचे प्रशिक्षण हा विषय आजवर कल्याणाच्या सदरात मोडत आला. तो बांधकामशास्त्राच्या सदरात यावा, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे, आणि ही प्रस्तावना त्या धारणेची कैफियत आहे.

प्रथम विषयाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. कागदावरील नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. आपण भिंत आहोत याची त्या रेषांना जाणीव नसते, ती पाहणाऱ्याने आपल्या अनुभवातून पुरवायची असते. संगणकीय प्रतिकृतीत, जिला आपल्याकडेही आता ‘बिम’ या आद्याक्षरी नावानेच ओळखतात, भिंत ही भिंत म्हणूनच दाखल झालेली असते : तिची लांबी-रुंदी-उंची, ती कशाची, तिच्यावर गिलावा किती जाडीचा, तिच्यातून कोणती नळी कोणत्या उंचीवरून जाणार, आणि तिला पैसे किती पडणार, हा सर्व तपशील तिच्याशी जखडलेला असतो, सबब खिडकी वीतभर सरकविली की विटांची संख्या, काचेचे क्षेत्रफळ आणि खोलीत शिरणारी उष्णता हे तिन्ही आकडे आपोआप बदलतात. या कल्पनेचे बीज अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली मांडलेल्या एका पद्धतीत सापडते; मात्र संगणक स्वस्त होईपर्यंत ती विद्वत्‌सभेतच राहिली. ब्रिटनने २०१६ पासून आपल्या मध्यवर्ती सरकारच्या बांधकामांना ती सक्तीची केली. आपल्याकडे महामेट्रोने प्रथम नागपुरात आणि नंतर पुण्यात तिचा अवलंब केला, तोही पाच मितींचा : लांबी, रुंदी व उंची यांखेरीज चौथी मिती काळाची आणि पाचवी खर्चाची. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा पुणे मेट्रोचा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी खुला झाला, तेव्हा त्यातून प्रवास करणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असेल की, आपल्या पायाखालील प्रत्येक तुळई जागेवर चढण्यापूर्वी एका पडद्यावर तारीखवार चढविली गेली होती.

पाचव्या मितीचा उल्लेख आला म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा बंगला, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, १८६४ साली बांधावयास घेतला, आणि त्याच्या खर्चाने अंदाजपत्रकाची मर्यादा अशी काही ओलांडली की गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या उधळपट्टीची चर्चा थेट विलायतेच्या पार्लमेंटात झाली. पुण्याच्या बांधकामाला खर्चाची मिती अवगत नव्हती असे नव्हे. ती काम संपल्यावर अवगत होत असे, एवढेच.

त्याहून महत्त्वाची घटना त्या बंगल्यापूर्वी दहा वर्षे घडली होती. १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने जी शाळा येथे उघडली, आणि जिचा विस्तार होत होत आजचे अभियांत्रिकी विद्यापीठ झाले, तिचा मूळ हेतू सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे अंमलदार पुरविणे हा होता. रस्ते, कालवे, पूल आणि लोहमार्ग यांची कामे झपाट्याने निघत होती. साहेब अभियंते थोडे होते. त्यांचा नकाशा समजून घेऊन तो मजुरांकडून उतरवून घेणारा एक मधला वर्ग निर्माण करणे खात्याला आवश्यक वाटले. ही योजना यशस्वी झाली, इतकी की तिने आखलेली चौकट खात्याबाहेरच्या, खासगी मक्त्याच्या कामांतही रूढ झाली. याच शाळेच्या परंपरेत विश्वेश्वरय्या शिकले आणि पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसविली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. परंतु त्या चौकटीचा एक परिणाम आपण सहसा नोंदवीत नाही. नकाशा वाचण्याची विद्या ओव्हरसियरापाशी येऊन थांबली. त्याच्या खाली होता तो हुकूम. ओव्हरसियराने मुकादमाला सांगावे, मुकादमाने मिस्त्रीला, मिस्त्रीने गवंड्याला, आणि गवंड्याने बिगाऱ्याला सांगावयाचे काही उरलेले नसल्यामुळे त्याला नुसते ओरडावे, ही परंपरा पावणेदोनशे वर्षे अव्याहत चालू आहे. बालेवाडीत बांधकाम-व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी निकमार ही राष्ट्रीय संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर पुण्यात दाटीच आहे, आणि औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेपासून पुढे आरेखकांच्या शिक्षणाचीही सोय आहे. व्यवस्थापकाला प्रशस्त आवार आणि गवंड्याला, मिळालेच तर, साइटवरचे पत्र्याचे शेड : शिक्षणाच्या या वाटणीत १८५४ ची सावली अद्याप स्पष्ट दिसते.

त्यापूर्वी काय होते? पेशवाईतील वाडे बांधणाऱ्या सुतार-गवंड्यांपाशी आजच्या अर्थाने नकाशे नव्हते, पण घर कसे राहील याचे ज्ञान आणि ते बांधण्याचे कौशल्य ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी होती. जोत्याचा दगड, वर विटा-मातीची दोन-दोन हात जाडीची भिंत, घाणीत मळलेला चुना, आणि उष्ण हवा वर काढून देणारा मधला चौक, या योजनेमागे त्या कारागिराचा स्वतःचा विचार होता, आणि त्याची चूक झाली तर मालकाने त्याच्याच दाराशी जाऊन जाब विचारायचा होता. वाड्यांचे गोडवे गाण्याचा येथे उद्देश नाही. ज्यांनी बुधवारात किंवा नारायणात पत्र्याच्या तिसऱ्या मजल्यावर वैशाख काढला आहे, ते तसे गाणारही नाहीत. सांगावयाचे ते इतकेच, की घर थंड राहण्याची जबाबदारी तेव्हा बांधणाऱ्याची होती, आणि आज ती कोणाची हे सांगता येत नाही.

आणि येथूनच ऊर्जेचा प्रश्न सुरू होतो. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या पुरानंतर, आणि विशेषतः उपनगरांच्या वाढीबरोबर, पुण्याच्या घराची भिंत क्रमाक्रमाने बारीक होत गेली. लोखंड-काँक्रीटच्या सांगाड्याने भार उचलला, त्यामुळे भिंतीला आडोशापुरतेच काम उरले. दोन हातांची भिंत नऊ इंचांवर आली आणि नऊ इंचांची सहावर. या संक्रमणात पुण्याने स्वतःची एक भरही घातली. बी. जी. शिरके यांच्या कंपनीने स्वीडनचे तंत्र आणून मुंढव्याला जो कारखाना काढला, त्यातील हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेला ठोकळा आज कोणत्याही कारखान्यातून आला तरी पुण्याचा गवंडी त्याला ‘सिपोरेक्स’च म्हणतो. वजनाला तो विटेच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि उष्णता तो भाजक्या विटेच्या सुमारे चौथा हिस्साच वाहून नेतो. म्हणजे भिंत बारीक झाली तरी घर तापू नये याचा एक उपाय या शहराला कधीच सापडला होता.

गेल्या काही वर्षांत मात्र अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदमच ओतण्याची पद्धत उंच इमारतींसाठी सर्रास रूढ झाली. साइटवर तिला ‘मायव्हान’ म्हणतात. ती झपाट्याची आहे, तिच्यात गवंडी कमी लागतात, आणि गिलाव्याचा खर्च जवळजवळ वाचतो. पण काँक्रीटची ती ओतीव भिंत सिपोरेक्सच्या आठ-नऊ पट सहजतेने उष्णता आत घेते. पश्चिमेकडील शयनगृहात रात्री अकरालाही भिंतीला हात लावून पाहणाऱ्या पुणेकराला हा आकडा पाठ करण्याची गरज नाही. परिणामी, ज्या शहरात पंख्यावर उन्हाळा निभत असे, तेथे सदनिकेच्या जाहिरातीतच वातानुकूलन यंत्राची जागा दाखविली जाऊ लागली.

सरकारने याची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ सालचा. व्यापारी इमारतींसाठी संहिता २००७ मध्ये आली. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ २०१८ च्या डिसेंबरात निघाली, आणि तिने असे ठरविले की, थंड हवामानाचे प्रदेश वगळता, घराच्या भिंती-खिडक्यांच्या आवरणातून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या पुढे जाऊ नये. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत घेण्याची तरतूद झाली. या सर्वाची राज्यातील अंमलबजावणी पाहणाऱ्या महाऊर्जा संस्थेचे मुख्यालय पुण्यातच आहे, आणि हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेल्या सुझलॉनच्या ‘वन अर्थ’ संकुलाने असे बांधकाम येथे करून दाखविता येते हे २००९ च्या सुमारासच सिद्ध केले आहे. नियम आहे, दाखला आहे, आणि प्रतिकृतीवर उष्णतेचा हिशेब करणारे निष्णात तर शेजारच्या इमारतीतच बसले आहेत.

मग उणीव कोठे राहते? ती राहते भिंतीत, आणि भिंतीत जेथे राहते ती जागा बारकाईने पाहण्यासारखी आहे. सिपोरेक्सची भिंत तुळईखाली संपते तेथे शेवटचा थर पुरा बसत नाही. दोन-तीन बोटांची फट राहते. प्रतिकृतीत ती फट नसते, कारण प्रतिकृतीतील भिंत तुळईला नेमकी भिडलेली असते. साइटवर ती फट विटांचे तुकडे, वाळलेला माल, आणि प्रसंगी सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबून बंद होते, वरून गिलावा फिरतो, आणि मग ती सृष्टीच्या अंतापर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दुसरी जागा सांध्यांची. हे ठोकळे दोन-तीन मिलिमीटरच्या चिकट मसाल्याने जोडावयाचे असतात. पण ज्याचा हात आयुष्यभर विटेच्या कामावर बसला आहे तो गवंडी सवयीने अर्ध्या इंचाचा सिमेंटचा थर देतो, आणि त्या प्रत्येक थरातून, जणू चाळणीतून, उष्णतेला वाट मिळते. तिसरी जागा खिडकीच्या चौकटीभोवतालची. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत दुःखद, वायरमनची : भिंत उभी राहिली, गिलावा झाला, आणि मग दिव्याची नळी घालण्यासाठी त्याच भिंतीत छिन्नी-हातोड्याने झिरी पाडली जाते, जे बांधण्यात तीन दिवस गेले ते फोडण्यात अर्धा दिवस जातो, आणि झिरी बुजविणाऱ्याला ती कशाने बुजवावी हे कोणी सांगितलेले नसते. संहितेच्या कोष्टकात या चार जागांना स्थान नाही. कोष्टक कार्यालयात भरले जाते. या जागा ज्याच्या नजरेसमोर घडतात त्याला कोष्टक म्हणजे काय हेच माहीत नसते.

युरोपातील अनुभव वेगळा नाही, आणि तो आपल्याला यासाठी उपयोगी की तेथे त्याची नोंद आधी झाली. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ साली बांधलेल्या घराने अत्यल्प ऊर्जेवर चालणारे घर शक्य आहे हे दाखविले, परंतु अशी घरे सार्वत्रिक करावयाची झाली तेव्हा असे आढळून आले की, कागदावर सिद्ध झालेली काटकसर ऊर्जेच्या देयकात पुष्कळदा पुरती उतरत नाही. हवाबंद केलेल्या पडद्याला तार घालण्यासाठी भोक पाडणारा माणूस वाईट हेतूने भोक पाडीत नव्हता. तो पडदा कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. २०११ साली युरोपीय संघाने ‘बिल्ड अप स्किल्स’ या नावाने बांधकामावरील कारागिरांच्या शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला, आणि पुढे ‘होरायझन २०२०’ या निधीतून प्रतिकृतीचे वाचन व ऊर्जेचे ज्ञान ही दोन्ही एकाच अभ्यासक्रमात गुंफण्याचे प्रयोग झाले. त्यांतील एक तत्त्व मला विशेष ग्राह्य वाटते : सुतार, गवंडी, नळकारागीर आणि वायरमन यांना एकत्र बसवून शिकवावे, कारण उष्णतेची वाट बहुधा दोन धंद्यांच्या हद्दीवर असते, आणि हद्दीची तक्रार दोघांपैकी कोणीच आपली मानीत नाही. त्यापुढील भाग मात्र आपल्याला उचलता येणार नाही. तेथील कारागीर बहुधा प्रमाणपत्रधारी आणि बारमाही कामावरचा. आपला कोण आहे हे एकदा स्वच्छ पाहिले पाहिजे.

वारज्याला किंवा दांडेकर पुलाशी सकाळी आठच्या सुमारास मजूर अड्ड्यावर उभे राहिल्यास पुण्याच्या बांधकामाची खरी जनगणना होते. लातूर-नांदेडकडचे, सोलापूरच्या पलीकडून कलबुर्गी-यादगीरचे कानडी आणि लमाणी बोलणारे, तेलंगणातले. आणि मोठ्या साइटवर, जेथे मजूर अड्ड्यावरून न येता ठेकेदाराच्या टोळीने येतो, तेथे बिहार, झारखंड, बंगाल आणि ओडिशाचे. मस्टरवर ज्याची हजेरी त्याला रोजंदारी. दिवसभर वर्गात बसविले तर त्या दिवसाचा रोज बुडाला, आणि रोज बुडवून विद्या घेण्याइतकी चैन त्याच्या संसारात नाही. मुक्काम साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत, स्लॅब पुरा झाला की दुसरीकडे. जो अभ्यासक्रम तीन महिन्यांचा आहे तो पुरा होईपर्यंत विद्यार्थी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. या अडचणी नवीन नाहीत. याच साइटवरील मुलांना शिकविणाऱ्या, त्यांच्यासाठी पाळणाघरे चालविणाऱ्या पुण्यातील संस्थांनी कित्येक दशकांपूर्वी हे ओळखले की, मुलाने शाळेकडे न जाता शाळेने मुलाकडे गेले पाहिजे; आईबापांच्या बाबतीत तोच न्याय लावावयास आपल्याला फार उशीर लागला.

तथापि तो न्याय शेवटी लागला. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या क्रेडाई या संघटनेने ‘कुशल’ नावाने साइटवरच गवंडीकाम, गिलावा, सळईकाम वगैरेंचे शिक्षण देण्याचा जो उपक्रम चालविला, त्याचे मोल मी मोठे मानतो, कारण त्याने शिक्षण कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी आणले. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेने पूर्वीपासून अंगी असलेल्या कसबाला प्रमाणपत्र देण्याची सोय केली, हेही योग्य झाले. ज्याने वीस वर्षे ओळंबा धरला त्याला ओळंबा शिकविणे हा त्याचा अपमान होय. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी करण्याची, आणि त्याच्या जोडीच्या उपकर कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा करण्याची पद्धत घालून दिली. त्या निधीतून भांडी आणि सुरक्षासंच वाटले जातात; ते वाटावेतच. परंतु याच निधीवर शिक्षणाच्या दिवसाचा रोज टाकता आला, तर वर सांगितलेल्या अडचणींतील पहिली आणि सर्वांत अवघड अडचण दूर होते.

आता काय शिकवावे? गवंड्याला संगणकावर प्रतिकृती तयार करावयास शिकविणे हा उद्देश नाही, आणि तसा आव आणणारे वर्ग ही निव्वळ फसवणूक होय. त्याला शिकवावयाचे ते वाचन. या बाबतीत प्रतिकृती कागदी नकाशाहून उदार आहे : ती अक्षरओळखीवर अडत नाही, आणि आज अक्षरशत्रू बिगाऱ्याच्या खिशातही फोन असतोच, त्यावर ती बोटाने फिरविता येते. पण चित्र सर्वांना आपोआप समजते हा सुशिक्षितांचा एक लाडका भ्रम आहे. भिंत कापून दाखविलेला छेद पाहून ‘ही भिंत मधूनच कोणी फोडली?’ असे विचारणारा विद्यार्थी मंदबुद्धी नसतो. छेद ही एक रूढी आहे आणि रूढी शिकावी लागते. म्हणून पुढील प्रकरणांत क्रम असा धरला आहे, की आधी विद्यार्थ्याने स्वतः बांधलेली भिंत त्याला पडद्यावर दाखवावी, त्याच्या थापीने ठेवलेला ठोकळा त्याला ओळखू यावा, आणि मग त्या भिंतीतून अद्याप न घातलेली नळी दाखवावी. जे झाले आहे त्यावरून जे व्हावयाचे आहे ते ओळखणे सोपे जाते. उष्णतेचा पाठही असाच : दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या दोन भिंतींना, एक ओतीव आणि एक सिपोरेक्सची, आतल्या बाजूने हात लावावयास सांगावे, आणि आकडा नंतर सांगावा. उष्णतामापक कॅमेरा मिळाल्यास उत्तमच. त्यात तुळईखालची ती फट लाल पट्ट्यासारखी उमटलेली पाहिल्यावर पोत्याचा कागद कोंबण्यास हात सहसा धजत नाही.

मायव्हानच्या कामात तर वाचनाला पर्यायच नाही. साचा बंद होऊन काँक्रीट पडण्यापूर्वी विजेच्या नळ्या आणि बटणांच्या पेट्या सळयांना बांधून ठेवाव्या लागतात. पेटी चार बोटे सरकली तर ती मागाहून हलविण्यासाठी काँक्रीट फोडावे लागते. ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी, पुढच्या मजल्याची घाई मागे लागलेली असताना, फोनवर प्रतिकृती उघडून प्रत्येक पेटी मोजून पाहणारा वायरमन आणि ‘खालच्या मजल्यावर होती तशीच’ या आधारावर चालणारा वायरमन, यांच्यातील अंतर त्या घरात राहणाऱ्याला पुढची तीस वर्षे भोगावे लागते. यातच दुसरी एक गोष्ट आहे. तोच वायरमन पुष्कळदा सांगू शकतो की, प्रतिकृतीत दाखविलेल्या जागी सळयांची इतकी दाटी आहे की नळी जाणारच नाही. कार्यालयाला हे ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते. प्रतिकृतीत त्याचे म्हणणे नोंदविण्याची जागा आहे, तांत्रिकदृष्ट्या ती कधीपासूनच आहे, परंतु ती उघडण्याची परवानगी, जिला संगणकाच्या परिभाषेत प्रवेशाधिकार म्हणतात, ती मुकादमालाही दिलेली नसते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी नकाशा ओव्हरसियरापाशी थांबला तो कागदाच्या प्रती महाग होत्या म्हणूनही थांबला असेल. आज प्रत फुकट आहे, आणि तरी तो त्याच पायरीवर थांबतो, याचा दोष यंत्रावर टाकता येणार नाही.

स्त्रियांसंबंधी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्याच्या कोणत्याही साइटवर घमेले वाहणारी, वाळू चाळणारी, स्लॅबवर पाणी मारणारी स्त्री दिसते. थापी धरलेली स्त्री क्वचित दिसते. नवरा पाच वर्षांत बिगाऱ्याचा गवंडी होतो, बायको वीस वर्षांनी बिगारीच राहते, आणि दोघांच्या रोजात जो फरक पडतो तो दोघेही नैसर्गिक समजतात. प्रतिकृतीशी तपासून पाहणे, सांधे आणि फटी हेरणे, पेट्यांची मोजणी करणे, या नव्या कामांना अंगमेहनतीची नव्हे तर नजरेची आणि नेटकेपणाची गरज असते. ही कामे अजून कोणाच्या वहिवाटीची झालेली नाहीत, आणि ती तशी होण्यापूर्वीच त्यांवर स्त्रियांचा हक्क लावून घेतला पाहिजे. अहमदाबादेत सेवा संघटनेने बांधकाम-कामगार स्त्रियांसाठी स्वतंत्र शाळा चालवून याची वाट दाखविली आहे.

उरतो तो पैशाचा प्रश्न, आणि या विषयावरील बहुतेक अहवाल तेथवर येऊन विनयाने थांबतात. गवंड्याची टोळी भिंतीचे आणि गिलाव्याचे काम चौरस फुटावर किंवा ब्रासवर उक्ते घेते. तुळईखालची फट नीट भरल्याने चौरस फूट वाढत नाही; वेळ मात्र जातो. बारीक सांध्याने ठोकळे बसविणाऱ्याची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीहून सावकाश चढते, आणि शनिवारच्या हिशेबात तो मागे पडतो. अशा स्थितीत प्रशिक्षण घेतलेला गवंडी तीन आठवड्यांत आपली विद्या बाजूला ठेवतो, आणि त्याला अप्रामाणिक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपणच त्याला ती विद्या वापरण्याचा दंड ठोठावलेला असतो. ज्या कामाची मोजमाप पुस्तिकेत ओळ नाही ते काम, कंत्राटाच्या दृष्टीने, झालेलेच नसते. म्हणून सांधे व फटी भरणे, झिरी योग्य द्रव्याने बुजविणे आणि ओतण्यापूर्वी प्रतिकृतीशी पेट्या ताडून पाहणे, या तीन बाबी शासनाच्या दरसूचीत आणि खासगी मक्त्याच्या करारनाम्यात स्वतंत्र कलमांनी दाखल व्हाव्यात, त्यांचा दर पुण्यातील चालू मजुरीवरून ठरावा, आणि त्यांची मोजणी लिहिताना कनिष्ठ अभियंत्याशेजारी ते काम केलेला कारागीर सही किंवा अंगठ्यासह हजर असावा, अशी सूचना येथे करून ठेवतो. त्या कलमांचा कच्चा मसुदा, दरांच्या रकान्यासह, अखेरच्या प्रकरणात जोडला आहे; तो वाचकांपैकी जे मक्तेदार असतील त्यांनी प्रथम वाचावा, आणि त्यांचे आक्षेप असल्यास ते त्याच रकान्यात लिहावेत.